एका ताण्याची मुदत

आमच्या घरी माग आला तो हातगाडीवरून, सुट्या लाकडांचा भारा होऊन. आणि उंबरा ओलांडायच्या आधीच त्याचं भविष्य सांगून झालं.

सासूबाई तांदूळ निवडायचं ताट हातात घेऊनच दारात आल्या. एका दांड्यावर नख मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "सागवान दिसतंय. बंबाला छान होईल."

हातगाडीवाला घाम पुसत म्हणाला, "लय जड हाय, आजी. आत नेऊन द्यायचं काय ठरलं नव्हतं बरं."

"मग राहू दे बाहेरच," सासूबाई म्हणाल्या. "आमची काही घाई नाही."

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. नाशिकमध्ये तेव्हा आमच्या कॉलनीच्या मागे मळे होते आणि कॉलनीत क्लास होते. नव्या सुनांनी दुपारी काय करावं, हा शहराला पडलेला मोठाच प्रश्न असावा, कारण गल्लोगल्ली काही ना काही शिकवायला बाया बसल्या होत्या. शिवण, भरतकाम, बाटिक, बिनअंड्याचा केक. मी हातमागाचा क्लास निवडला. कलेची ओढ वगैरे काही नव्हती. तो क्लास भर दुपारी असायचा, आणि उन्हाळ्यात आमच्या घरी नेमक्या त्याच वेळात गच्चीवर कुरडया घातल्या जायच्या. मी बरी विणते असं क्लासच्या बाई म्हणायच्या. त्या सगळ्यांनाच तसं म्हणायच्या, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे बाटिकनं विणकामाला खाल्लं. क्लास बंद पडला आणि बाईंनी माग विकायला काढले. मी आमच्या ह्यांना विचारलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि त्या काळात नवरे कुठल्याही गोष्टीला 'घेऊन टाक' म्हणतात. मी घेऊन टाकला. मग घरात जे वादळ उठलं त्यात हे वर्तमानपत्र वाचत होते. सकाळपासून तेच पान.

वादळाचं कारण दिवाण. पुढच्या खोलीत खिडकीखाली जी मोकळी जागा होती ती दिवाणासाठी राखून ठेवलेली होती. सासरे, म्हणजे मामंजी, नुकतेच निवृत्त झाले होते आणि आलागेला आपल्याला आडवं पडलेलं बघेल अशा जागी आडवं पडावं, ही त्यांची निवृत्तीची कल्पना होती. दिवाणावर कुठली चादर घालायची हेसुद्धा ठरलं होतं. माग बसेल अशी घरात तेवढी एकच जागा, आणि मी हातगाडीवाल्याला दोन शब्द गोड बोलून तो तिथे नेऊन ठेवला. सांध्यात खुंट्या ठोकून उभा केला तेव्हा तो एवढा मोठा दिसायला लागला की खिडकीतून येणारा उजेड त्याची परवानगी घेऊन आत यायचा.

मामंजींची सगळी नोकरी कोर्टात गेली होती. न्यायाधीशांच्या खाली बसून त्यांनी जन्मभर निकाल लिहून घेतले. स्वतः द्यायला एकही मिळाला नाही. ती हौस ते घरी भागवत. आमटी खारट झाली तर "सबब ही आमटी ग्राह्य धरता येत नाही," असं म्हणून वाटी सरकवत. तेव्हा हे प्रकरण त्यांच्यापुढे जाणार हे उघडच होतं. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला. ह्यांनी पान उलटलं.

"या जागेवर हक्क मागाचा की दिवाणाचा, हा मुद्दा आहे," मामंजी म्हणाले. "सूनबाईंचं म्हणणं असं की मागावर स्वयंपाकघरातली फडकी निघतील..."

"किचन टॉवेल," मी म्हटलं.

"फडकी," सासूबाई म्हणाल्या.

"...निघतील आणि ती घरात उपयोगी पडतील. उलट बाजूचं म्हणणं, घरात फडकी मुबलक आहेत, आणि लागलीच तर मालेगावात यंत्रावर ती ढिगानं निघतात." उलट बाजूनं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "सबब, मागावर एक ताणा चढवावा. एकच. तो संपेपर्यंत माग राहील. तो संपल्यावर त्यातलं एक तरी फडकं या घरात रोजच्या वापरात दिसलं, तर माग कायम. नाही दिसलं, तर येत्या दसऱ्याला माग बंबात आणि दिवाण घरात."

"अपील?" माझ्या नणंदेनं विचारलं. ती तेव्हा लग्नाची होती आणि घरात एकटीच काय ती हसायची.

"अपील नाही."

आता ताणा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर निकालातली मेख कळायची नाही. मागावर जे उभे धागे ताणून बसवतात तो ताणा. तो साधारण सासरसारखा असतो. एकदा बसला की रंग बदलत नाही, रुंदी बदलत नाही, ओढ कमी होत नाही. आपल्या हातात राहतो तो फक्त आडवा धागा. त्याचा रंग बदला, पायाखालच्या पावड्या उलटसुलट क्रमानं दाबा, काय नक्षी काढायची ती तेवढ्यात काढा. एकच ताणा म्हणजे सगळ्या टॉवेलांचा उभा जीव एकच. वेगळेपणा आणायचा तो आडवा.

पण निकालात एक फट होती. ताणा किती लांब असावा, याबद्दल काहीच म्हटलेलं नव्हतं. क्लासमध्ये आम्ही दोन-तीन टॉवेल निघतील एवढाच ताणा चढवायचो. मी मागच्या तुळईवर गुंडाळता येईल तेवढा चढवायचं ठरवलं. मामंजींचं कायद्याचं ज्ञान मोठं होतं, पण सूत किती मावतं हे कायद्यात नसतं.

ताणा काढायला आम्ही गच्चीवर गेलो. एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत सूत घेऊन येरझाऱ्या घालायच्या. हे काम ह्यांच्याकडे दिलं, कारण त्यात बोलायचं नव्हतं. हे सुटीच्या दिवशी पायजमा वर खोचून सूत धरून चालू लागले तसे शेजारच्या गच्चीवरून काका ओरडले, "काय हो, मांजा करताय का? संक्रांत लांब आहे अजून!"

"नाही, फडकी!" हे ओरडले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "टॉवेल."

रंगाचाही घोळ ह्यांचाच. पांढऱ्या ताण्याला दोन्ही कडांना मोरपंखी पट्टा घ्यायचा माझा विचार होता. सूत आणायला हे गेले आणि पोपटी घेऊन आले; मोरपंखी म्हणजे मोर, मोर म्हणजे हिरवा, असा काहीतरी हिशेब. म्हटलं असू दे, कडेलाच तर आहे. ताण्याच्या बाबतीत 'असू दे' म्हणण्याइतकी महाग गोष्ट नाही, हे कळायला मला अजून एक 'असू दे' लागणार होतं.

तो दुसरा असा. ताण्यातला एकेक धागा दोऱ्याच्या एकेका फाशातून ओवून घ्यावा लागतो. एकीनं पलीकडून धागा द्यायचा, दुसरीनं आकड्यानं ओढायचा. हे काम मी आणि नणंद करत होतो, आणि ती मला आदल्या रविवारी तिला बघायला आलेल्या मुलाची हकीगत सांगत होती.

"वहिनी, पोहे दिले. आवडले म्हणाला. पुन्हा मागून घेतले. वर लिंबू मागितलं."

"मग?"

"मग काय, आज निरोप. पत्रिका जुळत नाही म्हणे."

"अगं, मग पत्रिका आधी बघायची ना! पोहे खाऊन कसली बघतो?"

या संतापात एका फाशात एक धागा जायचा तिथे दोन गेले. उजव्या कडेपासून दोनेक बोटं आत. लक्षात आलं ते वीतभर विणून झाल्यावर. तिथे एक जाडसर रेघ उठून दिसत होती, नीट इस्त्री केलेल्या सदऱ्यावर चुकीची घडी पडावी तशी. आडवा धागा नेणारा धोटा कितीही सरळ फेका, नक्षी कुठलीही काढा, ती रेघ काही हटत नव्हती, कारण चूक उभ्यातली होती. दुरुस्त करायची तर तिथून पुढचे सगळे फासे उसवून पुन्हा भरायचे. मी नणंदेकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

"असू दे," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

विणायला सुरुवात झाली. दुपारी सगळे लवंडले की मी मागावर बसायची. खट खट, खट खट. मामंजी आतल्या खोलीतून कूस बदलल्याचं ऐकू येईल एवढ्या जोरात कूस बदलत. सासूबाई झोपतच नसत. त्या निवडण्याचं ताट घेऊन मागासमोर बसायच्या आणि माझ्या प्रत्येक नक्षीचं बारसं करायच्या. मी क्लासमध्ये 'डायमंड' म्हणून शिकलेली नक्षी काढली, ती शंकरपाळी. तिरक्या पायऱ्यांची काढली, तो जिना. लाल-पिवळे चौकडे काढले, ती घोंगडी. बारीक आडव्या रेघा काढल्या तेव्हा बराच वेळ पाहून म्हणाल्या, "हा खराटा." एकदा कंटाळा आला म्हणून नुसतं पांढरं साधं विणलं, त्याला 'उपासाचं' म्हणाल्या.

"काय गं," एकदा त्यांनी विचारलं, "हात पुसताना नक्षी दिसते का?"

"नाही दिसत."

"मग कोणासाठी काढतेस? हातासाठी?"

मी धोटा जरा जोरात फेकला. 

खरं म्हणजे त्यांचा विरोध मागाला नव्हता. फडकं विणून करायचं या कल्पनेलाच होता. आमच्या घरात कापडाला नोकरीसारखी बढती असायची, फक्त उलटी. मामंजींचं धोतर विरलं की त्याचे पंचे व्हायचे. पंचा विरला की त्याचं फडकं. फडकं विरलं की मसोतं, स्टोव्हपाशी पडलेलं, काळं, तेलकट, गरम पातेलं उतरवायला आणि सांडलेलं पुसायला. मसोतं झालं म्हणजे त्या कापडाची सेवा पूर्ण झाली. या उतरंडीत प्रत्येक कापड आपल्या कष्टानं खाली आलेलं असायचं. जन्मतःच फडकं असलेलं फडकं सासूबाईंनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना ते अधर्मासारखं वाटत असावं.

ताणा लांबला. पाहुणे येत, मागाच्या बाजूला अंग चोरून बसत, आणि चहाचा कप कुठे ठेवावा म्हणून मागाच्या तुळईकडे आशेनं बघत. दाखवायला हातात काहीच नव्हतं, कारण विणलेलं कापड पुढच्या तुळईवर गुंडाळलं जातं आणि ताणा संपेपर्यंत कापता येत नाही. "इतके महिने खटखट," सासूबाई पाहुण्यांना सांगत, "आणि निघालं काय तर एक वळकटी." मामंजी दर महिन्याला मागच्या तुळईपाशी वाकून, बोटानं उरलेला ताणा दाबून बघत. त्यांना फट कळली होती. पण निकाल त्यांचाच होता आणि त्याला अपील नव्हतं.

माघात ताणा संपला. कापड मागावरून उतरवलं, कापलं, कडा शिवल्या. सतरंजीवर एकाशेजारी एक मांडले तेव्हा मी स्वतःच दोन पावलं मागे सरून पाहिलं. उभं सगळ्यांचं सारखं, पोपटी कडा सारखी, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. शंकरपाळी, जिना, घोंगडी, खराटा, उपासाचं. आणि सगळ्यांच्या उजव्या अंगाला, दोन बोटं आत, तीच ती रेघ. एकाच आईच्या पोरांच्या हनुवटीवर तीळ असावा तशी.

सासूबाईंनी एक उचलला. उलटा केला, सुलटा केला. म्हणाल्या, "छान झालंय गं."

मला वाटलं, जिंकले. आमच्या घरात 'छान' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मी नवी असल्यामुळे मला ठाऊक नव्हतं.

मी शंकरपाळी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली. संध्याकाळी तिथे जुनं धोतराचं फडकं होतं आणि शंकरपाळी घडी होऊन कपाटात, डांबराच्या गोळीशेजारी. "इतकी छान, खराब होईल," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे आले की काढू." पाहुणे आले. त्यांनी हात धुतले, आणि सासूबाईंनी त्यांना शंकरपाळी दिली. पाहुण्यांनी ती पाहिली, "अरे वा!" म्हणाले आणि आपल्या खिशातल्या रुमालाला हात पुसले.

मी जिना टांगला. मामंजी तो घेऊन गेले आणि रेडिओवर घातला. मी आनंदानं म्हटलं, "बघा, वापरात आलं!"

मामंजींनी बातम्यांचा आवाज कमी केला. "सूनबाई, हे हात पुसण्याचं वस्त्र आहे. रेडिओला हात नाहीत. सबब हा वापर धरता येत नाही." आणि आवाज पुन्हा मोठा केला. रेडिओवरून जिना मात्र काढला नाही.

घोंगडी ह्यांनी स्कूटरच्या सीटवर घातली. म्हटलं, "तुमच्याच घरातला पुरावा तुम्ही गॅरेजात नेताय!" हे म्हणाले, "अगं, लोक विचारतात कुठून घेतलं म्हणून."

"मग काय सांगता?"

"बाजारातून."

शेवटी मी गनिमी कावा केला. घरातली सगळी जुनी फडकी एका दुपारी गोळा करून माळ्यावर टाकली. आता तरी काय करतील? सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, ओट्यावर पाहिलं, खिळ्याला पाहिलं.  आत जाऊन मामंजींचं एक चांगलं, अजून बरेच दिवस टिकलं असतं असं धोतर काढलं आणि त्याचे उभे तुकडे फाडले. फाडतानाचा तो आवाज पुढच्या खोलीत मागापर्यंत नीट पोचला.  दसऱ्याला दिवाण येणार, हे मामंजी त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाले.

उरलेले टॉवेल जे कपाटात गेले ते बाहेर पडले थेट ओटीत. घरी आलेल्या बायकांची ओटी भरायची तर खण लागतो. खण संपले की सासूबाई शंकरपाळी काढायच्या, खराटा काढायच्या, त्यावर नारळ ठेवायच्या. बायका 'कशाला एवढं' म्हणत घ्यायच्या. नंतर त्यांच्या घरी जावं तर आमचा टॉवेल शिलाई मशीनवर, बिस्किटांच्या डब्याखाली, कुलदेवतेच्या फोटोखाली. कोरडे, घडी घातलेले, दिसायला सुंदर. आख्ख्या कॉलनीत माझ्या एकाही टॉवेलाला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. पोपटी कड आणि ती रेघ दुरूनच ओळखू यायची. मी चहा पीत राहायची.

माग रिकामा उभा होता. मामंजींनी सुताराकडे दिवाणाचं माप देऊन ठेवलं. श्रावण आला.

श्रावणात इगतपुरीच्या आत्याबाईंकडे सत्यनारायण होता. या मामंजींच्या चुलत बहीण. यजमान रेल्वेत, राहायला क्वार्टर. सासूबाईंचं आणि आत्याबाईंचं नातं वरवर अगदी गोड होतं, म्हणजे दोघी एकमेकींना कधीच 'नाही' म्हणत नसत आणि घरी आल्यावर दोन दिवस बोलत. आम्ही गेलो तर पाऊस असा की स्टेशनपासून क्वार्टरपर्यंत छत्री नुसती मान राखायला धरायची. साड्या भिजलेल्या, पावलं चिखलात. घरात शिरताच हात-पाय पुसायला आत्याबाईंनी एक धोतराचं फडकं दिलं. सासूबाईंनी ते पाहून माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, घरोघरी हेच असतं.

पूजा झाली, प्रसाद झाला, ओट्या भरल्या. आत्याबाई सासूबाईंसमोर बसल्या. हळदीकुंकू लावलं, पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला. आणि नारळाखाली, खणाच्या जागी, खराटा.

 पोपटी कड. उजवीकडून दोन बोटं आत रेघ. हा खराटा सासूबाईंनी होळीला शेजारच्या काकूंना नव्हे, काकूंच्या बहिणीला दिला होता; कारण काकूंना उपासाचं गेलं होतं. तिथून तो कुणाच्या डोहाळजेवणाला, कुणाच्या बारशाला फिरत फिरत इथवर आला होता. अजून कोरडा.

"काय सुंदर आहे हो," सासूबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नाही. "कुठलं?"

"मुंबईचं," आत्याबाई म्हणाल्या. "मोठ्या दुकानातलं. मशीनवरचं आहे हं वहिनी. हाताचं नाही. तुमच्या सूनबाईंनी तो माग घेतलाय ना, ऐकलं मी. हौस असते एकेकीला. पण हाताचं ते हाताचंच. त्यात चुका असतात. हे बघा, कुठे एक तरी चूक दिसते का?"

आता हे वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. सासूबाईंनी वर्षभर माझ्या मागाला बंबाचं लाकूड म्हटलं होतं. माझ्या नक्षीला खराटा म्हटलं होतं. या टॉवेलाला तर हे नावच त्यांनी दिलं होतं. पण हे सगळं घरात. इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये, स्वतःच्या नणंदेच्या तोंडून?

त्यांनी नारळ उचलून बाजूला ठेवला. टॉवेल दोन्ही हातांनी ताणून धरला, उजेडाकडे, सगळ्या बायकांना दिसेल असा.

"ही काय," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताला. दोन बोटं आत. ही चूक."

आत्याबाई वाकून बघू लागल्या. बायका वाकल्या.

"मशीन असली चूक करत नाही. एका फाशात दोन धागे गेलेत. माझी मुलगी आणि सून पोह्यांच्या गप्पा मारत होत्या तेव्हा." सासूबाईंनी टॉवेलाची पुन्हा घडी घातली, अगदी सावकाश. "ही चूक आमच्या घरातली आहे. हा मी होळीला दिला होता."

पाऊस तेवढा पडत राहिला. मग एक बाई शिरा छान झालाय म्हणाली, आणि सगळ्या एकदम शिऱ्याबद्दल बोलू लागल्या.

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. फाशात दोन धागे गेल्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ताट घेऊन समोर बसायच्या तेव्हा तांदळाकडे लक्ष कमीच होतं.

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. देवळाली मागे पडली तेव्हा म्हणाल्या, "मुंबईचं म्हणे." नाशिकरोड आलं तेव्हा म्हणाल्या, "मोठ्या दुकानातलं."

घरी आलो. मामंजी मागाच्या पाटावर बसून पेपर वाचत होते; हल्ली ते तिथेच बसत, उजेड चांगला यायचा. चहा टाकला. सासूबाई आत्याबाईंची हकीगत सुरुवातीपासून सांगायला लागल्या आणि ओटी भरण्यापर्यंत आल्या असतील नसतील, दूध उतू गेलं. ओट्यावर ओघळ, ओट्यावरून खाली. धोतराचं फडकं हाताशीच होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून ओटीत मिळालेला खराटा काढला आणि त्यानं दूध पुसलं. नीट, रगडून, कोपऱ्यापर्यंत. पिळला. पुन्हा पुसलं. मग त्यातच धरून गरम पातेलं खाली उतरवलं.

मी बघत राहिले. माझा टॉवेल ओला झाला होता.

"आई, खराब होईल ना?" माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या दिवसांत मीही त्यांच्यातलीच झाले होते.

"काय खराब व्हायचंय? दहा घरं फिरून आलंय. आता काय ते नवं राहिलंय?" त्यांनी खराटा झटकला आणि खिळ्याला टांगला. "आता झालं ते फडकं."

मामंजी दाराशी येऊन उभे होते. ओघळणारा टॉवेल, दुधाचा वास, खाली ठेवलेलं पातेलं, सगळा पुरावा त्यांनी पाहून घेतला. सुताराला दिलेलं माप आठवून असेल, एक उसासा टाकला.

"वापर सिद्ध होतो," ते म्हणाले. "सबब माग कायम."

"दिवाण?" पुढच्या खोलीतून ह्यांनी विचारलं. एवढ्या प्रकरणात त्यांचा हा पहिलाच प्रश्न.

"दिवाण मधल्या खोलीत. चहा झाला का?"

विजय मिळाला की माणसानं गप्प बसावं. मी नाही बसले. दुसऱ्या ताण्याचं सूत आणलं, यावेळी स्वतः जाऊन, मोरपंखी; आणि सासूबाईंना मोठ्या उत्साहानं म्हटलं, "आता बघा. या वेळी एकही चूक होऊ देणार नाही."

त्या मेथी निवडत होत्या. "रेघ ठेव," म्हणाल्या.

"कुठली?"

"तीच. उजवीकडून दोन बोटं आत."

"आई, ती चूक आहे!"

"मला सांगतेस? ती नसती तर त्या बाईनं मुंबईचं म्हणून माझ्या पदरात घातलं असतं आणि मी घेतलं असतं." मेथीची एक काडी त्यांनी मोडून बाजूला टाकली. "कोण काय फिरवतंय, कळायला नको का आपल्याला?"

खराटा पुढे मसोतं होऊन स्टोव्हपाशी काळा झाला आणि पुरी सेवा करून गेला. ऐंशीच्या पुढे टीव्ही आला त्यावर मामंजींनी माझाच टॉवेल घातला, आणि इगतपुरीहून कधी ओटी आली की सासूबाई आधी उजवी कड तपासत. ते सगळं पुढचं. त्या दिवशी मी आणि नणंद पुन्हा फासे भरायला बसलो. तिचं लग्न ठरलं होतं. या मुलानं पोहे एकदाच खाल्ले होते. सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. पण कडेपासून दोन बोटं मोजून, नेमक्या त्याच फाशात दोन धागे घालायचे होते, आणि चुकलं तर सासूबाई पुन्हा उसवायला लावणार होत्या. तेव्हा तेवढा वेळ आम्ही दोघी अगदी गप्प बसलो.